पत्रा आधी, इंजिन नंतर : साठच्या दशकातील स्वस्त अमेरिकन गाड्यांची बांधणी कशी ताडून पाहावी

अमेरिकेत जुनी गाडी घेण्याची हौस असलेल्या मराठी माणसाच्या तोंडी पहिली नावे येतात ती मस्टँग, कॅमेरो आणि कॉर्व्हेट यांची. त्यांच्या किमती ऐकून बरेच जण तिथेच थांबतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण १९५९ ते १९७० या काळात तिथल्या कारखान्यांनी साध्या कुटुंबांसाठी लाखोंच्या संख्येने बनवलेल्या गाड्या, विशेषतः चार दारांच्या सेडान, नोकरदार माणसाला आजही परवडू शकतात. फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, डॉज डार्ट, शेव्हरोले कॉर्व्हेर, शेव्ही टू, रॅम्बलर आणि स्टुडबेकर लार्क ही त्यातली मुख्य नावे. यांपैकी कोणती गाडी चांगली बांधलेली आहे हे ठरवायचे कसे, याची मी स्वतः वापरतो ती रीत येथे क्रमाने मांडली आहे.

बांधणी म्हणजे काय, याबद्दल आपला एक जुना समज आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जात, आणि त्या पाहिलेली वडीलधारी मंडळी अजूनही त्यांच्या जाड पत्र्याचे आणि दार लावल्यावर होणाऱ्या भारदस्त आवाजाचे कौतुक करतात. ते कौतुक खोटे नाही, पण पत्र्याची जाडी म्हणजे बांधणी नव्हे. पत्र्याचे तुकडे कुठे आणि कसे जोडले, त्या जोडांत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली का, पोकळ भागांच्या आतल्या बाजूपर्यंत रंग पोचला का आणि चाकांवरचा भार कोणत्या पत्र्यावर टाकला, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजे बांधणी. शिवाय साठ वर्षांच्या गाडीत दोन हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात: कारखान्याने काय केले हा एक, आणि त्यानंतरच्या मालकांनी, रस्त्यावरच्या मिठाने आणि पावसाने काय केले हा दुसरा. हे दोन्ही हिशेब एकत्र झाले की तुलना फसते.

तुलना होण्याजोग्या गाड्या आधी निवडा

फाल्कनची तुलना कॅडिलॅकशी करण्यात काही अर्थ नाही. एकाच वर्गातल्या, जवळपास एकाच वयाच्या आणि शक्यतो एकाच प्रकारच्या बॉडीच्या गाड्या घ्याव्यात. चारदारी सेडान मला सर्वांत सोयीची वाटते, आणि त्यामागे केवळ किंमत नाही. सेडानमध्ये पुढच्या आणि मागच्या दारांमध्ये छतापर्यंत जाणारा खांब असतो. हार्डटॉपमध्ये तो खांब छताला भिडत नाही, आणि उघड्या छताच्या गाडीत तर छतच नसल्यामुळे कारखान्याला तळाला जादा मजबुती द्यावी लागे. म्हणजे बाजारात जी गाडी सर्वांत कमी किमतीला मिळते तीच मुळात सर्वांत ताठ असते. खरेदीदाराच्या बाजूने असा योग फार क्वचित जुळतो.

त्यानंतर गाडीला वेगळी चासी (भार पेलणारा तळाचा लोखंडी सांगाडा) आहे की बॉडीच चासीचे काम करते, हे माहीत करून घ्यावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. लार्क आणि शेव्हरोले इम्पालासारख्या मोठ्या गाड्या वेगळ्या चासीवर बसवलेल्या आहेत. इम्पालाची चासी १९५८ ते १९६४ या वर्षांत एक्सच्या आकाराची होती आणि तिला बाजूचे दांडे नव्हते. १९६५ पासून ती बैठकीच्या कडेने फिरणारी झाली. याउलट फाल्कन, व्हॅलियंट, डार्ट, कॉर्व्हेर आणि रॅम्बलर यांची बॉडी एकसंध आहे. रॅम्बलरचा वारसा यात सर्वांत जुना, कारण तिच्या पूर्वीच्या नॅश कंपनीने १९४१ च्या ‘६००’ या मॉडेलपासूनच एकसंध बॉडी बनवायला घेतली होती. वेगळ्या चासीच्या गाडीत मडगार्ड सडले तर ते दिसायला वाईट दिसते. एकसंध बॉडीत दाराखालचा उंबरठा सडला तर गाडीचा कणाच सडला असे समजावे.

कारखान्याने काय केले होते

येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

क्रायस्लरने १९५७ ची मॉडेले घाईने बाजारात आणली. ती दिसायला विलक्षण देखणी होती, पण पाणी गळणे आणि लवकर गंजणे यांमुळे कंपनीचे नाव खराब झाले. १९६० पासून कंपनीने बहुतेक गाड्या एकसंध बॉडीच्या केल्या आणि त्या रसायनांच्या व रंगाच्या टाक्यांत बुडवून काढण्याची पद्धत आणली. व्हॅलियंट याच बदलाच्या काळातली आहे. तिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन भार झेलणारे पोलादी दांडे) आहेत, आणि १९६० च्याच मॉडेलमध्ये डायनॅमोऐवजी अल्टरनेटर मूळचा बसवलेला होता.

फाल्कनच्या मागे फोर्डचे रॉबर्ट मॅकनमारा यांचा आग्रह होता: हलकी, साधी आणि स्वस्त गाडी. सुमारे १,१०० किलो वजनाची ही गाडी पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक विकली गेली. तिच्यात अनावश्यक काही नाही, आणि हाच तिचा गुण तसाच दोष आहे. तिची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळातल्या भोकात वरून बसवलेली असते आणि टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो. पत्रा वाचला, वजन वाचले. पण टाकीच्या कडेचा जोड हे पाण्याचे आवडते ठिकाण झाले.

रॅम्बलरची कथा मला सर्वांत जवळची वाटते. ती बनवणारी अमेरिकन मोटर्स ही कंपनी जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांपुढे लहान होती आणि तिला नाव टिकवण्यासाठी कामाच्या नीटसपणावर भर द्यावा लागला. अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवण्याची तिची पद्धत जाहिरातींतून गाजली. १९६३ च्या क्लासिक आणि अँबॅसेडर या मॉडेलांत दारांभोवतीची संपूर्ण चौकट एकाच मोठ्या पत्र्यातून ठोकून काढली जाऊ लागली, त्यामुळे पूर्वीचे डझनावारी तुकडे आणि त्यांचे जोड गेले. जोड जितके कमी तितकी पाणी मुरण्याची ठिकाणे कमी, आणि दारेही अधिक नेमकी बसतात. १९६२ पासून तिच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असलेला मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) मूळचा येऊ लागला, जो इतर बहुतेक गाड्यांत १९६७ च्या सुमारास आला.

बांधणी बिघडते कशी, हे शिकायचे असेल तर १९७१ ची शेव्हरोले व्हेगा पाहावी. तिची बॉडीही गंजविरोधक रंगाच्या टाकीत बुडवली जात असे. पण पुढच्या मडगार्डच्या वरच्या पोकळीत हवा अडकून राही, तिथे रंग पोचत नसे, आणि आत चिखल अडवणारे आवरणही नव्हते. परिणामी काही गाड्यांची मडगार्डे दोन-तीन वर्षांतच वरून फुटली. १९७६ च्या डॉज अ‍ॅस्पेन आणि प्लिमथ व्होलारे या जोडीच्या बाबतीतही मडगार्डांचाच प्रश्न इतका वाढला की कंपनीला ती बदलून द्यावी लागली. म्हणून ‘बुडवून रंगवलेली’ हे शब्द ऐकून समाधान मानू नये; रंग पोचला कुठवर हा खरा प्रश्न.

घरून निघण्यापूर्वी

विक्रेत्याला फोनवर विचारायचा पहिला प्रश्न: ही गाडी आयुष्यभर कोणत्या राज्यांत राहिली? ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्याने पत्रा गंजतो. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत पत्रा टिकतो, पण उन्हाने डॅशबोर्ड, रबर आणि बैठकीचे कापड चिरफळते. माझे मत स्पष्ट आहे: उन्हाने खाल्लेली गाडी घ्यावी, मिठाने खाल्लेली घेऊ नये. बैठक पुन्हा शिवता येते.

गाडीवर कारखान्याने लावलेल्या माहितीच्या पट्ट्यांचे फोटो आधीच मागवून घ्यावेत. जनरल मोटर्सच्या, म्हणजे शेव्हरोलेसारख्या गाडीत इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर बॉडी बनवणाऱ्या ‘फिशर बॉडी’ या विभागाची पट्टी असते. तीवर ‘०५सी’ अशा स्वरूपात बांधणीचा महिना आणि आठवडा सापडतो, म्हणजे मे महिन्याचा तिसरा आठवडा. फोर्डची पट्टी दाराच्या कडेला असते. साठच्या दशकाच्या मध्यापासून क्रायस्लरची पट्टी बोनेटखाली मडगार्डच्या आतल्या अंगाला मिळते. मूळ रंग, मूळ कापड आणि बांधणीची तारीख यांवरून गाडीत नंतर किती बदल झाला ते कळते. १९६८-६९ च्या मॉडेलांपासून गाडीचा क्रमांक पुढच्या काचेतून दिसतो. त्याआधीच्या गाड्यांत तो कंपनीगणिक वेगळ्या जागी असतो, आणि तो मालकीच्या कागदावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्या आहेत: विजेरी, दंतवैद्याकडे असतो तसा लहान आरसा, फ्रिजवर लावायचे पातळ चुंबक, टोकदार आर, जमिनीवर अंथरायला सतरंजी, एक लिटर पाणी, वही. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीची तपासणी करू नये, कारण ओला रंग प्रत्येक लाट लपवतो.

दारे आणि फटी

गाडीपासून दहा पावले मागे उभे राहावे आणि बाजूची रेषा नजरेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावी. मग फटी पाहाव्यात. या काळातल्या अमेरिकन गाड्यांच्या फटी नव्या असतानाही आजच्या जपानी गाड्यांइतक्या एकसारख्या नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक वाकड्या फटीला अपघात म्हणू नये. यासाठी एक साधा भेद लक्षात ठेवावा. बोनेट, पुढची मडगार्डे आणि दारे बोल्टने बसवलेली असतात आणि सरकवता येतात. छत आणि मागचे मडगार्ड वेल्ड केलेले असतात. बोल्टच्या भागांमधली फट वाकडी असेल तर बहुधा जुळणी बिघडलेली असते. वेल्ड केलेल्या भागाजवळची रेषा वाकडी असेल तर तिथे काहीतरी घडून गेलेले आहे.

दार अर्धे उघडून त्याची कड हलकेच वर उचलावी. दारच हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे, आणि हे दुरुस्त होण्याजोगे आहे. बिजागरीसकट खांब हलला तर तपासणी तिथेच थांबवली तरी चालेल. दाराच्या मागच्या कडेची फट वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलट, अशी पाचरीसारखी दिसत असेल तर गाडी मध्यभागी खचली असण्याची शक्यता असते. खात्रीसाठी मालकाच्या परवानगीने गाडीचा पुढचा एक कोपरा जॅकने थोडा उचलावा आणि त्या बाजूचे दार उघडून-लावून पाहावे. ताठ बॉडीत दार पूर्वीसारखेच लागते. सडलेल्या उंबरठ्याच्या गाडीत फट डोळ्यांदेखत बदलते, किंवा दार अडकते.

पाण्याची वाट

माझ्या रीतीचा गाभा हा आहे, आणि एकाच दुपारी दोन गाड्या पाहायच्या असतील तर निम्मा वेळ यासाठी राखून ठेवावा. पावसाचा थेंब छतावर पडल्यापासून जमिनीवर पोचेपर्यंत कुठून कुठे जातो, तो मार्ग बोटाने आणि विजेरीने शोधत जायचे.

सुरुवात छतापासून. छताच्या कडेच्या पन्हळीत जुनी चिकटपट्टी तडकली आहे का पाहावे. छतावर व्हिनाइलचे आवरण असेल तर तळहात दाबून फिरवावा; खाली वाळूसारखे कुरकुरले किंवा फोड लागले तर आवरणाखाली गंज पसरला आहे. मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे बारकाईने पाहावेत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत तिथे क्रोमची पट्टी धरणाऱ्या खिळ्यांभोवती पाणी साचते, पत्रा आतून कुजतो आणि पाणी डिकीत उतरते. डिकीतला गालिचा उचलल्याशिवाय हे समजत नाही, म्हणून तो उचलायला संकोच करू नये.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या जागी, हवा आत घेणारी पत्र्याची एक पेटी असते. वरच्या जाळीतून तिच्यात पाणी, पाने आणि धूळ पडते. पाणी दोन्ही कडांनी खाली जावे अशी योजना असते. फाल्कन आणि तिच्याच सांगाड्यावर उभारलेली पहिली मस्टँग यांचे हे सर्वांत मोठे दुखणे. पेटीतल्या हवेच्या नळीभोवतीचा पत्रा सडला की पाणी थेट पुढच्या बैठकीच्या पायाशी टपकते, तिथला तळ सडतो, आणि मालक बिचारा तळाला नवा पत्रा मारत राहतो. मूळ दुरुस्तीसाठी असंख्य स्पॉट वेल्ड पोखरून अख्खी पेटी उघडावी लागते, आणि तो खर्च स्वस्त गाडीच्या किमतीला सहज गाठतो. म्हणून ते एक लिटर पाणी. विक्रेत्याला विचारून जाळीतून ते हळूहळू ओतावे आणि सोबत्याला डॅशबोर्डखाली विजेरी धरून झोपायला सांगावे. पाणी दोन्ही चाकांच्या मागे जमिनीवर पडले पाहिजे. आत एक थेंबही दिसला तर वहीत मोठ्या अक्षरांत लिहावे.

त्यानंतर दाराखालचे उंबरठे. त्यांच्या तळाला बारीक भोके असतात. ती मातीने किंवा नंतर थापलेल्या डांबरी लेपाने बुजलेली असतील तर आत पाणी साचून राहिलेले असते. दारांच्या खालच्या कडांनाही अशीच भोके असतात. आर हलकेच टोचावी, भोसकू नये; चांगला पत्रा टणक आवाज देतो, सडका पत्रा पुठ्ठ्यासारखा दबतो. शेवटी डिकीच्या दोन्ही बाजूंचे खोल खळगे आणि सुट्या चाकाची जागा. स्टुडबेकरमध्ये पुढच्या मडगार्डांच्या मागच्या भागात चाकाने उडवलेला चिखल साठतो, तिथे आरसा घालून पाहावे.

रंगाखाली काय आहे

चुंबक कागदात गुंडाळून मडगार्डांच्या खालच्या चार बोटांवर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवावे. जिथे ते सुटते तिथे पुट्टी आहे. मात्र एक अपवाद सांभाळावा: छत आणि मागचे मडगार्ड जिथे मिळतात तो जोड त्या काळी कारखान्यातच शिशाने भरून घासत असत. तिथे चुंबक न चिकटणे ही मूळ बांधणीची खूण आहे. नवखा माणूस नेमका इथे फसतो आणि चांगली गाडी नाकारतो.

ताज्या, चकचकीत रंगाबद्दल मी फार सावध आहे. एका विक्रेत्याकडे मी लाल रंगाची अतिशय देखणी गाडी पाहिली होती. तिच्या चारही चाकांच्या कमानींवर चुंबक टिकले नाही आणि आत हात घातल्यावर जाळीवर थापलेली पुट्टी बोटांना लागली. जुना, फिकट, ठिकठिकाणी प्रायमर दिसणारा रंग कितीतरी अधिक प्रामाणिक असतो.

गाडीखाली

गाडीखाली जाण्याआधी ती पक्क्या स्टँडवर ठेवलीच पाहिजे. केवळ जॅकच्या भरवशावर कधीही आत शिरू नये. डॉज किंवा प्लिमथचे डाव्या बाजूचे चाक काढायचे असेल तर ध्यानात ठेवावे की १९७० पर्यंतच्या या गाड्यांत त्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. अनेकांनी जोर लावून बोल्ट तोडले आहेत.

येथे प्रत्येक गाडीची नस वेगळी आहे. व्हॅलियंट आणि डार्ट यांमध्ये टॉर्शन बारची मागची टोके गिअरबॉक्सखालच्या आडव्या तुळईत अडकवलेली असतात. चाकाचा भार तिथे येतो, म्हणून ती तुळई आणि तिच्या भोवतालचा तळ यांना जराही सूट नाही. फाल्कनमध्ये पुढची स्प्रिंग वरच्या दांडीवर बसते आणि तिचा दाब इंजिनाशेजारच्या पत्र्याच्या बुरुजावर जातो. त्या बुरुजांना तडे गेलेत का, ते आतल्या बाजूला झुकलेत का, हे बोनेट उघडून पाहावे. रॅम्बलरमध्ये वरच्या सांध्याला नियमित ग्रीस लागते, आणि ते न दिल्यास तो सांधा झिजून कुरकुरतो. इम्पालासारख्या गाडीत मागच्या ॲक्सलवरून चासी जिथे वर वळते तिथे चिखल साचतो; हातोडीच्या दांड्याने तिथे ठोकून आवाज ऐकावा. मागे पाटे असलेल्या सगळ्याच गाड्यांत ते ज्या ठिकाणी बॉडीला टांगलेले असतात ती ठिकाणे पाहायची.

इंजिन

इंजिनाला मी मुद्दाम मागे ठेवले, कारण या गाड्यांची सहा सिलिंडरची इंजिने साधी, टिकाऊ आणि दुरुस्त होणारी आहेत. क्रायस्लरचे ३० अंशांत कललेले इंजिन दीर्घायुष्याबद्दल योग्य कारणांनी प्रसिद्ध आहे. त्याचा क्रँक (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) १९७६ पर्यंत घडीव पोलादाचा होता. व्हॉल्व्हची फट मात्र वेळोवेळी जुळवावी लागते. फाल्कनच्या सुरुवातीच्या १४४ आणि १७० घन इंचांच्या इंजिनांत क्रँकला चार बेअरिंगे होती. १९६५ पासून २०० घन इंचांच्या इंजिनात सात आली आणि ते नक्कीच अधिक सुरळीत चालते. रॅम्बलरचे १९६४ मध्ये आलेले २३२ घन इंचांचे इंजिन सात बेअरिंगांचे असून पुढे जीपच्या चार लिटरच्या इंजिनापर्यंत त्याचीच परंपरा पोचली.

कॉर्व्हेर वेगळी आहे. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, आडव्या सहा सिलिंडरचे. तिच्या पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) १२ नळ्यांच्या रबरी कड्या वाळून तेल गळते, आणि हीटरची हवा इंजिनावरूनच येत असल्यामुळे तेलाचा किंवा धुराचा वास बैठकीत येतो. असा वास आल्यास गाडी दुरुस्तीपूर्वी हीटर लावून चालवू नये. १९६५ पासून तिचे मागचे सस्पेन्शन पूर्णपणे बदलले आणि माझ्या मते त्यानंतरचीच मॉडेले घ्यावीत. पहिल्या मॉडेलांवर कितीही टीका झाली असली तरी १९७२ च्या सरकारी तपासणीत ती समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोक्याची ठरली नाहीत, हेही नोंदवायला हवे.

प्रत्येक गाडीत सिलिंडरांचा दाब मोजावा. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाहून खाली गेला तर त्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. गाडी नाकारण्याचे ते कारण नाही.

बैठकीत आणि रस्त्यावर

काचा खाली-वर कराव्यात, प्रत्येक मूठ फिरवावी, हातमोज्यांचा कप्पा उघडावा. दारांच्या मुठी आणि दिव्यांच्या चौकटी जस्ताच्या ओतीव धातूच्या असून त्यांवर क्रोम चढवलेले असते; त्यावर पुटकुळ्या आल्या की पुन्हा मुलामा देणे महाग पडते. क्रायस्लरच्या गाड्यांत सगळी वीज डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्यातून) जाते, म्हणून मागची वायर आणि मधल्या भिंतीवरचा जोड वितळलेला आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

चालवताना रेडिओ बंद ठेवावा. खडबडीत रस्त्यावर ताशी ३० मैलांनी जाताना आवाज कुठून येतो ते ऐकावे: सुटी काच खडखडते, सैल बॉडी मात्र करकरते, आणि ती करकर वळणावर वाढते. मोकळ्या जागेत सरळ ब्रेक लावून गाडी कुठे ओढते ते पाहावे. स्वयंचलित गिअर असतील तर व्हॅलियंटला तीन आणि कॉर्व्हेर व १९६४ पर्यंतच्या फाल्कनला दोनच टप्पे मिळतात, त्यामुळे चढावर त्या दोघी मंद वाटल्या तर तो दोष त्या विशिष्ट गाडीचा नव्हे.

वही समोर ठेवून

नोंदी गुणांच्या बेरजेने ताडू नयेत, कारण सडलेला उंबरठा आणि झिजलेला कार्बोरेटर यांची बेरीज होत नाही. मी आधी सांगाडा पाहतो: उंबरठे, भार पेलणाऱ्या जागा, काचेखालची पेटी. यांत नापास झालेली गाडी यादीतून जाते, मग तिचे इंजिन घड्याळासारखे का चालेना. उरलेल्यांमध्ये सुटे भाग किती सहज मिळतात ते तपासतो. फाल्कनला मस्टँगमुळे यांत्रिक भागांची चणचण नाही. कॉर्व्हेरच्या मागे तिच्या चाहत्यांची मोठी संघटना आहे. स्टुडबेकरचा साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये गाड्या बनवायचा थांबला, तरी तिथल्या जुन्या साठ्यातले न वापरलेले भाग अजून मिळतात. रॅम्बलरचे इंजिन सांभाळता येते, पण तिच्या क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या काचा शोधताना दमछाक होते, म्हणून ती घेताना असे भाग गाडीवर पूर्ण असल्याची खात्री करावी.

मी एकदा दोन आठवड्यांत तीन गाड्या अशा पाहिल्या. १९६२ ची फाल्कन सर्वांत देखणी होती, पण ओतलेल्या पाण्यापैकी निम्मे आतल्या गालिच्यावर आले. १९६३ च्या व्हॅलियंटचे इंजिन तिघींत उत्तम होते, तरी टॉर्शन बारच्या तुळईत आर अर्धा इंच आत गेली. १९६४ ची रॅम्बलर क्लासिक न्यू मेक्सिकोहून आलेली होती: रंग उडालेला, डॅशबोर्ड तडकलेला, इंजिन थंड असताना निळा धूर. तिचा कोपरा जॅकने उचलला तेव्हा चारही दारे पूर्वीसारखीच लागली आणि पाणी दोन्ही चाकांमागे नीट जमिनीवर पडले. तीच घेतली.

ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि पेट्रोलच्या नळ्या दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी बदलाव्यात. व्हॅलियंट किंवा फाल्कनसारख्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच भागाचा असेल तर दोन भागांचा बसवून घ्यावा, आणि पुढे कमरेचे पट्टे नसतील तर तेही. मग बारीक तारेने उंबरठ्यांची, दारांची आणि काचेखालच्या पेटीची सगळी भोके मोकळी करून पोकळ भागांत मेणाचा गंजरोधक फवारा मारावा. माझ्या रॅम्बलरच्या उजव्या उंबरठ्यातून त्या दिवशी ओंजळभर कोरडी लालसर वाळू निघाली, आणि तिच्यामागचा कारखान्याचा प्रायमर अजून शाबूत होता.